विस्तव की राख?

देहाच्या दुबळेपणाकडे आपला समाज दोन निरनिराळ्या दृष्टींनी पाहतो. पाय प्लॅस्टरमध्ये असेल तर सहानुभूती लाभते. बाहेरून काहीच दिसत नसेल तर दुबळेपणाला आळस हे नाव चटकन मिळते. स्नायुदाहाचे, म्हणजे मायोसायटिसचे, रुग्ण या दुसऱ्या वर्गात मोडतात. या विकारात देहाचे रक्षण करणारी शक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. बोटांची पकड बहुधा शाबूत राहते. खांदे आणि मांड्या मात्र हरतात. रुग्णाला लिहिता येते, पण केस विंचरता येत नाहीत. सपाटीवर चालता येते, पण जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार शोधावा लागतो.

छावणीपलीकडील पडेगावात अशीच एक सून आमच्या पाहण्यात आली. मिस्सेत गुडघे टेकल्यावर तिला बाकाला धरून उठावे लागे. आम्ही घरी गेलो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "फादर, हिला कामाचा कंटाळा आहे." सून खाली मान घालून उभी राहिली.

पुढे तिच्या रक्तातील क्रिएटिन कायनेज हा घटक पुष्कळ वाढलेला आढळला आणि डॉक्टरांनी मांड्यांचा एमआरआय करावयास सांगितले. लोखंडाची वस्तू त्या यंत्राजवळ नेणे धोक्याचे. इतर धातूही दूर ठेवावे लागतात. तिने गळ्यातील क्रुसाची साखळी काढून सासूबाईंच्या हाती दिली. आत बराच वेळ ठकठक चालू होती.

या यंत्रात क्ष-किरण नसतात. रुग्णालयातील नेहमीच्या १.५ टेस्लाच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट असते. त्याच्या प्रभावाखाली देहातील पाणी आणि चरबी यांमधील हायड्रोजनचे कण रेडिओलहरींना उत्तर देतात आणि त्या उत्तरांतून चित्र उभे राहते. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

स्नायुदाहात या चित्राचे मोल विशेष आहे. एका प्रकारच्या चित्रात चरबीचा उजेड मुद्दाम दडपतात. मग दाहामुळे सुजलेला, पाणी धरलेला स्नायू पांढरा चमकतो. दुसऱ्या प्रकारात जुन्या आजाराने झिजलेल्या स्नायूच्या जागी साचलेली चरबी उजळ दिसते. पहिला आहे धुमसता विस्तव, दुसरी राख. विस्तव असेल तर स्टेरॉइडसारख्या औषधांनी तो शमण्याची आशा असते. राखेला औषध पुन्हा स्नायू करू शकत नाही. शिवाय हा दाह ठिकठिकाणी विखुरलेला असतो. तुकडा काढण्याची सुई निरोगी जागी पडली तर तपासणी फसते. चित्र तिला योग्य जागा दाखवते.

डॉक्टरांनी पडद्यावर मांड्यांतील पांढरे पट्टे दाखवले. सासूबाईंनी विचारले, "म्हणजे हिला खरंच उठता येत नव्हतं?" डॉक्टर "नाही" एवढेच म्हणाले.

तरीही, वाचकहो, चित्र एकटे रोगाचे नाव सांगत नाही. इजा, जंतुसंसर्ग किंवा अतिश्रम यांनीही स्नायू तसाच पांढरा दिसू शकतो. म्हणून रुग्णाची हकीकत, रक्ततपासणी आणि गरजेप्रमाणे स्नायूचा तुकडा यांची जोड लागते. हा आजार क्षुल्लक नव्हे. 'दंगल' चित्रपटातील बालकलाकार सुहानी भटनागर फेब्रुवारी २०२४ मध्ये अवघ्या १९व्या वर्षी याच कुळातील डर्मेटोमायोसायटिसने गेली.

राख होण्याआधी विस्तव ओळखावयाचा, तर घरच्यांनी चित्राची वाट पाहून चालत नाही. जिना चढवेना, हात वर जाईना, घास गिळवेना, पापण्यांवर जांभळट छटा दिसू लागली, तर टोमणा न मारता रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे. सारा मराठवाडा जिला 'घाटी' म्हणतो, ते शासकीय रुग्णालय पडेगावाहून दूर नाही. यंत्राने दिलेली साक्ष त्या सुनेने कितीतरी महिने आधी स्वतःच्या तोंडाने दिली होती.