केबिन नाही, खोपी!

फिशिंग केबिन म्हटलं की लाकडी डेक, हातात गळ, शेजारी कॉफीचा मग... ही कॅलेंडरवाली इमेज आधी डिलीट करा. आपण चाललोय बीड जिल्ह्यात, माजलगावला. सिंदफणा नदीवरच्या धरणाकाठी.

पुण्याहून सहा-सात तास धरा. काठावर मिळेल ती मच्छीमाराची खोपी: पत्रा, ताडपत्री, जाळ्यांचा ढीग आणि तो वास (दुसऱ्या दिवशी जाणवत नाही, प्रॉमिस!). झोपायला गावातला लॉज बरा. पण पहाटे काठावर हवंच. संध्याकाळी टाकलेली जाळी तेव्हा निघतात. रोहू, कटला, मृगळ. नशीब असेल तर मरळ. मग चुलीवरचं झणझणीत कालवण आणि ज्वारीची भाकरी. रोहूला बारीक काटे फार, तेव्हा गप्पा नंतर मारा.

गळ टाकायचा मूड आलाच तर आधी विचारा. धरणातल्या मासेमारीचा ठेका दिलेला असतो. तुमचा टाइमपास म्हणजे कुणाची तरी रोजी आहे. सकाळभर वेळ घेतलात तर पैसेही द्या, आणि माशाच्या भावात घासाघीस नको.

निघण्यापूर्वी धरणात पाणी किती, ते नक्की बघा. याच जिल्ह्यातलं धनेगावचं मांजरा धरण २०१६ मध्ये कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तशा वर्षी इथला मच्छीमार जाळं गुंडाळून ऊसतोडीला नाहीतर पुण्याला, तुमच्याच शहरात, कामाला आलेला असतो.

पाऊस चांगला झाला असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. स्वेटर घ्या.