मराठीच्या वाटेनें स्पॅनिश

परकी भाषा शिकावयाची ती इंग्रजीच्या द्वारेंच, असा आपल्या सुशिक्षित घरांतून एक रूढ समज आहे. माझा मुलगा माद्रिदला स्थायिक झाला, सून तिकडचीच आली, आणि नातीशीं चार शब्द बोलतां यावेत म्हणून उतारवयांत मीं स्पॅनिश व्याकरण हातीं घेतलें. पुस्तक इंग्रजी होतें. 'मे गुस्ता एल काफे' ह्या वाक्यांत कॉफी हा कर्ता कसा, हें पटवून देण्यांत त्याचीं दोन पानें खर्चीं पडलीं. मला मात्र तें वाक्य आपल्या माजघरांतलेंच वाटलें. 'मला कॉफी आवडते' ह्यांत तरी कर्ता कोण? कॉफीच! अनेक आंबे असले कीं आपण 'आवडतात' म्हणतों. तेथेंही 'गुस्ता'चें 'गुस्तान' होतें.

हातांतला पेला निसटला, तर इंग्रजी बोलणारा 'मीं पेला पाडला' अशा अर्थाचें वाक्य सहज बोलून जातो. स्पॅनिश मनुष्य म्हणतो, 'से मे कायो एल वासो'. पडण्याची क्रिया पेल्याची. बोलणाऱ्याचा उल्लेख केवळ 'मला' एवढाच. आपल्या 'माझ्या हातून पडला' ह्याचें हें सख्खें भावंड. कृत्य निराळें व अपघात निराळा, हा भेद वाक्यानेंच राखला तर एकत्र कुटुंबांतील किती कलह टळतात, हें वाचकांस सांगावयास नकोच.

सगळीच वाट अशी सोपी नाहीं. आपल्या एकट्या 'असणें' ह्या क्रियापदाचें काम तेथें 'सेर' व 'एस्तार' अशीं दोन क्रियापदें करतात. 'एस लिस्ता' म्हणजे ती हुशार आहे; 'एस्ता लिस्ता' म्हणजे ती तयार आहे. येथें मराठीचा आधार सुटतो, आणि कानाला संवय लावावी लागते.

शब्दांची निवडही पाहण्यासारखी आहे. 'किएरो आग्वा' म्हणजे मला पाणी हवें. 'ते किएरो' म्हणजे माझी तुझ्यावर माया आहे. हवेंसें वाटणें आणि माया करणें, दोहोंस क्रियापद एकच! नात दूरध्वनीवर म्हणते, 'ते एचो दे मेनोस'. 'मेनोस' म्हणजे उणें, कमी. आपणही जवळच्या माणसाची उणीव भासते असेंच म्हणतों. तें वाक्य समजावयास सुनेची मध्यस्थी लागली नाहीं.

ज्यांचीं नातवंडें आज परमुलखीं वाढत आहेत, त्यांनीं वयाची सबब सांगूं नये. पुस्तक इंग्रजी असलें तरी प्रत्येक वाक्य प्रथम मराठीशीं ताडून पाहावें. निम्मी वाट ओळखीचीच निघते.