बाळंतिणीची झोप कुणी राखायची?

घरात तान्हे बाळ आले की साऱ्यांचे लक्ष त्याच्या झोपेकडे लागते. किती वेळ झोपले, दचकून उठले का, दिवसाची रात्र केली का, याची चौकशी शेजारीपाजारीही करतात. बाळंतिणीला झोप लागली का, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. आपण आजी-आजोबा असाल, किंवा घरात बाळंतिणीची देखभाल करीत असाल, तर हा प्रश्न मी मुद्दाम आपल्यापुढे मांडतो आहे. त्याचे उत्तर डॉक्टरांपेक्षा आपल्या हाती अधिक आहे.

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 8 ते 12 वेळा पिते. त्याचे जठर लहान, आईचे दूध पचायला हलके, आणि दिवस-रात्रीचा भेद त्याच्या शरीराला उमगू लागायला दोन-तीन महिने जावे लागतात. तेव्हा रात्रीचे उठणे चुकत नाही. आपल्या झोपेचे एक आवर्तन सुमारे दीड तासाचे असते. ते पुरे होण्याआधीच आई उठते. अनेकदा झोपेचे एकूण तास फारसे कमी भरत नाहीत, पण झोपेच्या चिंध्या झालेल्या असतात. त्यातून चिडचिड, विसराळूपणा आणि विनाकारण येणारे रडू उद्भवते.

मग रात्रीचे पाजणेच बंद करावे, असे मायेपोटी अनेकांना वाटते. गेल्या पावसाळ्यात एक सासूबाई पाच आठवड्यांच्या बाळंतीण सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, हिला झोप मिळावी म्हणून रात्रीचे दूध मीच वाटी-चमच्याने पाजते. तरी हिला ताप कसा आला?" तपासले तर एका बाजूला दूध दाटून लाल, दुखरी गाठ झालेली. सून हळूच म्हणाली, "बाळ रडले की मला जाग येतेच. मग ठणका लागतो, तो पहाटेपर्यंत झोपू देत नाही."

त्या माउलीचा हेतू शंभर नंबरी होता. मदतीची वेळ तेवढी चुकली होती. दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत दूध टिकून राहण्यासाठी रात्रीचे पाजणे मोलाचे असते. रात्रीच्या दुधात झोपेशी निगडित असलेले मेलाटोनिनही असते. पाजताना अनेक आयांना गोड गुंगी येते, ती शरीराचीच योजना. वरचे दूध दिल्याने आई अधिक झोपते, हा समजही अनेक अभ्यासांत खरा ठरलेला नाही.

मी सासूबाईंना म्हटले, "पाजणे तिचे, बाकीचे सारे तुमचे." औषध दिले, त्याच बाजूने पाजणे चालू ठेवायला सांगितले, आणि घरातली कामे नव्याने वाटून दिली. रात्री बाळाला उचलून आणणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे नवऱ्याकडे. पहाटे पाचचे पाजणे झाले की बाळ आजीकडे, आणि आठपर्यंत बाळंतिणीच्या खोलीचे दार बंद. ते सलग तीन तास तिला औषधाइतकेच लागू पडले.

दुपारी पाहुणे येतात, तीही झोपेची चोरीच. शेगडीचा धूर मला मुळीच मान्य नाही. पण सव्वा महिना बाळंतिणीला घरकामाला हात लावू न देणारी जुनी शिस्त मला शहाणपणाची वाटते. हल्ली लाडू होतात, खीर होते, विश्रांती तेवढी राहून जाते. रात्री खोलीत मंद दिवा पुरे. पाजताना मोबाइल पाहिला की पुन्हा डोळा लागायला उशीर होतो.

एका धोक्याकडे विशेष लक्ष ठेवा. दमलेली आई बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोपी गेली, तर बाळ गुदमरू शकते. तिला डुलकी येताना दिसली की बाळ उचलून उताणे, सपाट अंथरुणावर ठेवा. मऊ उशी नको, आपली मोहरीची उशीसुद्धा नको. झोप आणणारे औषध किंवा मद्य घेतलेल्या कुणाच्याही कुशीत बाळाला झोपवू नये.

आणि बाळ शांत झोपले आहे, सांभाळायला माणूस आहे, तरीही आईचा डोळा लागत नसेल, ती सतत रडत असेल, बाळाविषयी ओढच वाटत नाही असे म्हणत असेल, तर तो नुसता थकवा नव्हे. प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. झोपेशिवाय राहूनही ती दमत नसेल, असंबद्ध बोलत असेल, घरच्यांवर संशय घेत असेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याची भाषा करीत असेल, तर ती तातडीची स्थिती समजावी. तिला आणि बाळाला एकटे सोडू नका. दृष्ट काढण्यात वेळ न दवडता तिला लगेच रुग्णालयात न्या. 'औषध सुरू झाले तर दूध तोडावे लागेल,' या भीतीने पुष्कळ कुटुंबे थांबून राहतात. पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत, आणि ती निवडताना डॉक्टर बाळाचाही विचार करतात.