दिवसाउजेडी

आम्हा दोघांच्या सहली उजेडाच्या मापाच्या असतात. सकाळी बस्तीत दर्शन घेऊन निघायचे आणि सूर्य मावळायच्या आत घरी येऊन पानावर बसायचे. रात्रीचे जेवण नाही, बाहेरचे पाणी नाही, मग मुक्कामाचा घोळ कशाला? गाळून तापवलेल्या पाण्याचा कॅन, दशम्या, शेंगाचटणी (अर्थात लसणाशिवाय), कैरीचा तक्कू आणि एक सतरंजी, एवढ्यावर आमचे भागते. शेजारच्या वहिनी म्हणतात, "तुमचं बरं आहे बाई, हॉटेलचं बिल नाही." बरे आहेच. पण बेळगावहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे किती आहे, हे कळायला लग्नानंतर चौतीस वर्षे आणि यंदाचा उन्हाळा यावा लागला.

खरे म्हणजे यंदा फाल्गुनात आम्ही सम्मेद शिखरजीला जायचो होतो. तिकिटे काढून झाली होती. मुलाची दहावी, मग मुलीचे लग्न, मग यांची बढती, असे करत करत राहिलेली ती यात्रा. त्याआधीच, जानेवारीत यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले, "सपाटीवर हवं तेवढं चाला. चढ नको, वजन उचलणं नको." शिखरजी म्हणजे 9 किलोमीटर चढ, 9 किलोमीटर टोंकांची फेरी, 9 किलोमीटर उतार. वीस तीर्थंकर तिथून मोक्षाला गेले, तो डोंगर काही सपाट होणार नव्हता.

"डोली असते," मी म्हटले.

"चौघांच्या खांद्यावरून एकदा जायचंच आहे. त्याची तालीम नको," हे म्हणाले, आणि तिकिटे रद्द करायला बसले.

यानंतर जो उन्हाळा आला तो असा लहान लहान तुकड्यांचा. किल्ल्यातली कमल बस्ती तर गावातच. रट्टांच्या चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज याने 1204 साली ती बांधवली. मे महिन्यातल्या दुपारीही आत दगडाचा गारवा असतो. नेमिनाथांसमोर बसून वर मान केली की छतातले दगडी कमळ दिसते. इतकी वर्षे पाहुण्यांना दाखवायलाच तिथे जात होतो. पाहुण्यांशिवाय, घाईशिवाय, प्रथमच बसलो.

एका रविवारी हलशीला गेलो. खानापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगाला काजू. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. मृगेशवर्मा राजाने दिवंगत वडिलांच्या भक्तीने इथे जिनालय बांधले आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या तीन संघांना मिळून 33 निवर्तने जमीन दिली, असे ताम्रपट सांगतो. आज आपल्या बस्तीच्या दगडांत गवत आहे. मी ताम्रपटाची हकिकत सांगितली, तर आमचे हे, जन्मभर बँकेत काढलेले, म्हणतात, "तिघांच्या नावावर सामाईक जमीन? कज्जा ठरलेला!" मला पडक्या भिंतींकडे बघून गहिवर येत होता, तो तिथेच विरला.

स्तवनिधीला मात्र दोनदा गेलो. निपाणीच्या अलीकडे घाटात, हमरस्त्याला लागूनच, त्यामुळे यांना चढाचा त्रास नाही. पार्श्वनाथांचे दर्शन, ब्रह्मदेवाला नारळ. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा 1899 साली इथेच स्थापन झाली; आपल्या मुलींना शिकवायचे बळ ज्या चळवळीतून आले तिची ही जागा. परतताना पहिला वळीव गाठला. झाडाखाली गाडी लावून काचा वर करून बसलो. गारांचा आवाज इतका की बोलणे शक्य नव्हते, आणि बोलायला काही राहिलेही नव्हते. बरे वाटले.

घरच्या परड्यात मात्र आमची उलटापालट झाली. आजवर कुदळ-खुरपे यांच्याकडे आणि स्वयंपाकघर माझ्याकडे. आता कुदळ माझ्या हातात आली आणि हे खुर्ची टाकून चिक्कूखाली बसून हुकूम सोडू लागले. "आळं जरा रुंद कर. मुळाला लावू नकोस. अगं, मुंग्यांची रांग आहे, थांब." मी थांबे. मुंग्या गेल्या की पुढे. आमच्याकडे पाचोळा जाळत नाहीत. शेजारी ढीग पेटला की आमच्या सासऱ्यांचा चेहरा पाहवत नसे. कोपऱ्यात खड्डा आहे, त्यात बुट्टीने टाकायचा आणि कुजू द्यायचा. खणायचे काय ते मृगाच्या आत. पावसात मातीचा प्रत्येक कण जिवंत होतो, मग चातुर्मास संपेपर्यंत कुदळ माळ्यावर. गृहस्थाची आरंभी हिंसा सुटत नाही हे शास्त्रालाही माहीत आहे. पण म्हणून ती डोळे मिटून करायची नसते.

विहिरीच्या जांभ्याच्या भिंतीत एक उंबर उगवला होता, वीतभर. त्याचे फळ आम्ही खात नाही, पण रोपाने काय घोडे मारले? ठेवले असते तर चार वर्षांत भिंत फुटली असती. मी वाकून मुळासकट सोडवले. हे ते करवंटीत घेऊन गेले आणि मागच्या मोकळ्या मैदानाच्या कडेला लावून आले. तेवढे वजन डॉक्टरांनी चालवून घेतले असते.

आणि यांनी पाणी गाळणे अंगावर घेतले. विहिरीचे पाणी जाड दुहेरी कापडातून गाळायचे. कापडावर राहिलेले जीव गाळलेल्या पाण्यानेच उलटीकडून धुऊन घ्यायचे, ती जिवाणी. ती ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत जायला हवी, आणि वरून भसकन ओतायची नाही. त्यासाठी तळाला कडी असलेली लहान बादली असते. ती पाण्याला टेकेपर्यंत हळूहळू खाली सोडायची, मग दोरीला हलका हिसका द्यायचा की उलटते. सासूबाईंनी मला हे शिकवायला आठ दिवस घेतले होते. यांना तीन आठवडे लागले. कधी बादली अर्ध्यातच कलंडे, कधी पाण्याला टेकूनही उलटेना. एरवी रिक्षावाल्याने सिग्नलला थांबवले तरी चिडणारा हा माणूस विहिरीच्या काठावर वाकून, श्वास धरून दोरी सोडत असे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. चौतीस वर्षे हे काम मी उरकत आले. यांनी ते केले.

मेच्या शेवटी कुंभोजला बाहुबलीला गेलो. 28 फुटी शुभ्र मूर्ती, अंगावर चढलेल्या वेली. तिथल्या परिसरात सिद्धक्षेत्रांच्या प्रतिकृती केलेल्या आहेत, त्यात शिखरजीही आहे. लहानसा डोंगर, त्यावर लहान लहान टोंका. हे त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मी मुद्दाम दूर पाण्याचा कॅन उघडत बसले. आले तेव्हा म्हणाले, "पार्श्वनाथांची टोंक सगळ्यात शेवटी येते, नाही का?"

"हो."

"मंडळाच्या बायका दिवाळीनंतर जाणार आहेत म्हणे."

ही गोष्ट मी घरात बोलले नव्हते. नाव द्यायला मंडळाने ज्येष्ठ अखेरपर्यंत मुदत दिली होती. माझे गुडघे अजून धड आहेत आणि पुढच्या वर्षी असतील याची खात्री नाही. शिखरजीला जायचे तर दोघांनी, असे मी नव्या नवरीपणापासून धरून बसले होते. एकटीने वर जाऊन काय बघायचे? पण न जाण्यात तरी कसले पातिव्रत्य? त्या वयाच्या बायकांचे असेच होते. आधी मुले अडवतात, मग दुखणी, आणि मग आपले आपणच. यांच्या दुखण्याच्या आडोशाला मी बसले तर त्याचे ओझे यांच्याच छातीवर. मला जायचे होते, हे खरे.

"मी मधुबनपर्यंत येतो," हे म्हणाले. "तू रात्री दोनला निघशील. मी धर्मशाळेत जप करीन. तुझं पाणीही मी गाळून देतो."

"आणि मला यायला संध्याकाळ झाली तर?"

"थांबीन की. उजेड असेपर्यंत तू येशील."

तिथून निघून कोल्हापूर मागे टाकले तोवर ऊन कलले होते. हे दोनदा घड्याळात बघत होते, कारण तांदूळ भिजवलेले घरी होते आणि सूर्य आमच्यासाठी थांबणार नव्हता. साडेसहाला ताट वाढले.

परवा मंडळाच्या अध्यक्षा अर्ज घेऊन आल्या. त्यात वंदना पायी की डोलीने, असा रकाना आहे. माझ्या नावापुढे मी 'पायी' लिहिले. यांनी पेन मागून घेतले, आणि स्वतःच्या नावापुढे, बँकेतल्या त्या वळणदार अक्षरात लिहिले: 'खाली'.