हाताजोगें हत्यार

सुतार आपला रंधा सहसा दुसऱ्याच्या हातीं देत नाहीं. त्याचें कारण कंजूषपणा नव्हे. पुष्कळ वर्षांच्या उपयोगानें त्या रंध्याची मूठ त्याच्या तळव्याप्रमाणें झिजलेली असते, व नवख्या हाताला ती कोठें ना कोठें बोचते. शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, कारकुनाचा टांक, ह्या सर्वांची गोष्ट हीच. ज्याचा हात हत्याराशीं जमला त्याला हत्याराची आठवणहि राहत नाहीं. ज्याचा जमला नाहीं त्याला हत्याराशिवाय दुसरें कांहीं दिसत नाहीं.

हा विचार यंदा आमच्या मनांत आला तो मात्र रंध्यावरून नव्हे, तर मुलांच्या व्हिडिओ गेमवरून. ह्या शब्दासरशी आमच्या विद्यार्थ्यांचे पालक कपाळास आठ्या घालतील हें आम्ही जाणतों. ह्या खेळांत किती वेळ घालवावा ह्याविषयीं आमचें मत त्यांच्याहून फारसें निराळें नाहीं. परंतु आजचा विषय तो खेळ नसून, तो खेळण्याकरितां हातांत धरावयाची वस्तु हा आहे. तिला मुलें कंट्रोलर म्हणतात. दोन्ही मुठींत बसणारी, दोन्ही आंगठ्यांखालीं एकेक दांडी, आणि भोंवतालीं दहा-बारा बटणें, असें तिचें सध्याचें रूप आहे. तें कसें घडलें हें पाहिलें असतां विद्यार्थिमित्रांस यंत्ररचनेचा एक चांगला पाठ मिळेल असें आम्हांस वाटतें.

इ. स. १९५८ मध्यें अमेरिकेंतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम ह्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें भेटीस येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठीं पडद्यावरील टेनिस तयार केलें. खेळणाऱ्याच्या हातीं एक लहानशी पेटी दिली होती. तिजवर चेंडूचा कोन ठरविणारा एक फिरता खुंटा आणि चेंडू टोलविणारें एक बटण, इतकेंच. पुढें १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्रसंस्थेंतील तरुणांनीं 'स्पेसवॉर' नांवाचा खेळ रचला. तो प्रथम संगणकाच्या अंगावरील स्विचांनींच खेळत. त्यांत दोन अडचणी निघाल्या. खेळतां खेळतां कोपरें दुखूं लागत. आणि स्विच अशा जागीं होते कीं, एका खेळाडूला पडदा नीट दिसे व दुसऱ्याला तितका दिसत नसे. तेव्हां त्या मंडळींनीं हातांत धरावयाच्या निराळ्या पेट्या बनविल्या. म्हणजे ही वस्तु चैनीसाठीं जन्मास आली नाहीं. दुखऱ्या कोपराला आराम व दोघांना सारखा न्याय, ह्यांसाठीं आली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

त्यानंतर ह्या वस्तूनें नाना सोंगें घेतलीं. १९८९ सालीं अमेरिकेंत 'पॉवर ग्लव्ह' नांवाचा हातमोज्याच्या रूपाचा कंट्रोलर विक्रीस आला. हात हवेंत हालविला कीं खेळांतील पात्रानें हालावें अशी त्याची योजना होती. दिसण्यांत तो अद्भुत. परंतु हाताची हालचाल तो नेमकी ओळखीना, आणि अधांतरीं धरलेला हात लौकरच भरून येई. म्हणून तो फार दिवस टिकला नाहीं. १९९७ मध्यें जपानांत 'डेन्शा दे गो' ह्या आगगाडी चालविण्याच्या खेळासाठीं निघालेल्या कंट्रोलरावर खऱ्या गाडीसारखे दोन दांडे होते, एक वेगाचा व एक ब्रेकचा. २००२ सालीं 'स्टील बटालियन' ह्या खेळाबरोबर जें धूड आलें त्यास सुमारें चाळीस बटणें, दोन दांडे आणि पायांखालीं तीन पेडलें होतीं. सबंध टेबल अडविणारें हें यंत्र त्या खेळास व त्याच्या पुढील भागास अप्रतिम. इतर खेळांस मात्र निरुपयोगी.

ह्यावरून एक नियम दिसतो. जें साधन एका कामास फार चांगलें बसतें तें दुसऱ्या कामास सहसा बसत नाहीं. आणि जें सर्व कामांस चालतें तें कोणत्याच कामास पुरतें बसत नाहीं. आपल्या पेटीचेंच उदाहरण घ्या. विलायती हार्मोनियमचा भाता पायांनीं चाले, म्हणून दोन्ही हात सुरांना मोकळे राहत. आपलें गाणें बैठकीवर मांडी घालून व्हावयाचें, म्हणून भाता मागें आणून हाताशीं दिला. एक हात गेला, पण बैठक राहिली; आणि आपल्या गाण्याची साथ एका हातानें भागत असल्यामुळें तोटा फारसा झाला नाहीं. काय सोडलें असतां कमींत कमी बिघडेल, हें ओळखणें हीच रचनाकाराची खरी परीक्षा.

परंतु ज्याच्या हातांतच उणीव आहे त्यानें काय करावें? १९८९ सालींच निन्टेन्डो कंपनीनें छातीवर बांधावयाचा एक कंट्रोलर काढला होता. त्याची दांडी हनुवटीनें हालवावयाची आणि नळींतून फुंकून वा ओढून बटणांचें काम घ्यावयाचें. २०१८ मध्यें मायक्रोसॉफ्टनें जो कंट्रोलर काढला त्यावर हातभर अंतरावरूनहि चुकूं नयेत अशीं दोन मोठीं बटणें आहेत, आणि मागील बाजूस १९ छिद्रें आहेत. ज्याला जें सोसेल तें बटण, पेडल किंवा दांडी त्या छिद्रांत बाहेरून जोडावी. योजना उदार आहे. मात्र बाहेरून जोडावयाच्या वस्तु निराळ्या विकत घ्याव्या लागतात, आणि खर्च वाढत जातो.

हा खर्च न झेपणारा आमचा एक विद्यार्थी डोंबिवलीहून रोज लोकलनें ठाण्यास येतो. जन्मापासून त्याच्या उजव्या हाताच्या बोटांत शक्ति नाहीं. खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग मात्र त्याच्या आज्ञेंत आहे. त्याच्या घरीं धाकटी बहीण व शेजारचीं मुलें मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत, आणि हा त्यांच्या शेजारीं बसून गुण मोजी. विज्ञानप्रदर्शनासाठीं विषय निवडावयाची वेळ आली तेव्हां तो आम्हांस म्हणाला, "सर, मला गुण मोजायचा कंटाळा आला आहे." ह्याहून स्पष्ट प्रस्तावना आम्हीं कोणत्याहि प्रबंधांत वाचलेली नाहीं.

कामास सुरुवात झाली. कल्याणांत पंखे व मिक्सर दुरुस्त करणाऱ्या त्याच्या मामानें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मोठीं बटणें, एक दांडी आणि तारा जोडावयाची एक लहानशी पट्टी आणून दिली. प्रत्येक बटणाच्या दोन तारा त्या पट्टीस जोडल्या कीं संगणकास तो नेहमींचाच कंट्रोलर वाटतो. हा भाग एका रविवारीं आटोपला. बटणें कोठें बसवावीं हें ठरावयास मात्र दोन महिने लागले.

प्रथम सर्व कांहीं डाव्या हाताखालीं घेतलें. बटणें जवळ जवळ लावलीं तर भलतेंच दाबलें जाई; दूर लावलीं तर हात पोंचेपर्यंत गाडी खड्ड्यांत. पॉल फिट्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं हाच नियम मोजून मांडला होता: लक्ष्य जितकें दूर व जितकें लहान, तितका तेथें हात पोंचण्यास वेळ अधिक. बटण मोठें करावें तर फळी मोठी होते, आणि फळी मोठी झाली कीं अंतर पुन्हां वाढतें.

मग वेगाचें बटण पायाखालीं दिलें. "सर, पाय उशिरां ऐकतो," असें त्यानें दुसऱ्याच दिवशीं सांगितलें. शिवाय पायाचें बटण वापरावयाचें तर खुर्चीवर बसणें आलें. त्यांच्या खोलींत खुर्ची मांडली कीं स्वयंपाकघराची वाट अडे. तेव्हां पाय बाद झाला.

शेवटीं वेगाचें बटण उजव्या कोपराखालीं आलें. तेथेंहि पेंच होताच. स्प्रिंग मऊ ठेवली तर हाताच्या नुसत्या भारानें बटण दाबलें जाई. कठीण ठेवली तर खांदा दुखे. जुन्या स्लिपरचा रबरी तळ कापून बटणावर बसविला तेव्हां मध्यम मार्ग सांपडला. फळी मांडीवरून घसरूं नये म्हणून आईनें खालीं वाळूची पिशवी शिवून लावली. फळी हालेनाशी झाली, पण सकाळच्या गर्दींत ती लोकलमध्यें चढविणें हें एक दिव्य होऊन बसलें.

इतकें करूनहि वेगाचें बटण सारखें दाबून धरल्यानें खांदा भरून येई. मामानें युक्ति काढली: एकदां दाबलें कीं गाडी पळत राहील, पुन्हां दाबलें कीं थांबेल, असें बटण लावावें. मुलानें विचारलें, "मग लोकलच्या मोटरमनला असें बटण कां देत नाहींत?" प्रश्न मोलाचा होता. आपल्या ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजीं पहिली आगगाडी आली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुरू झाली. विजेच्या गाडींत मोटरमनला एक दांडा दाबून धरावा लागे. त्याला भोंवळ आली, हात सुटला, तर गाडी आपोआप थांबावी अशी ती रचना. हाताला शीण होतो, पण गाडींतल्या माणसांचे प्राण सुरक्षित राहतात. खेळांतली मोटार उलटली तर कोणी मरत नाहीं. म्हणून तेथें शीण वांचविणें योग्य. एकच बटण एका ठिकाणीं पाप आणि दुसऱ्या ठिकाणीं पुण्य ठरतें तें असें.

परंतु बहिणीनें हरकत घेतली. "दादा, तुझी गाडी आपोआप पळते. माझा आंगठा दुखतो." प्रदर्शनांत एका सद्गृहस्थांनींहि तोच आक्षेप मोठ्या शब्दांत घेतला: अर्धें काम यंत्रानें केलें तर मुलाचें कौतुक कसलें? आम्ही ह्या आक्षेपास क्षुल्लक मानीत नाहीं. परीक्षेंत चष्मा लावणाऱ्या विद्यार्थ्यास कोणी लबाड म्हणत नाहीं, कारण चष्मा अक्षर दाखवितो, उत्तर सांगत नाहीं. जें साधन खेळाडूला खेळापर्यंत पोंचवितें तें न्याय्य. जें त्याच्या वतीनें खेळतें तें अन्याय्य. ह्या कसोटीस कोपराचें बटण निःसंशय उतरतें. पळत राहणारें बटण सीमेवर आहे, कारण वेग केव्हां सोडावा हेंहि शर्यतींतलें कौशल्यच होय.

हा निवाडा आम्हांस द्यावा लागला नाहीं. त्या भावंडांनींच तो केला. फळीवर मामानें एक लहान खटका बसवून दिला. तो वर केला तर बटण पळत राहणारें, खालीं केला तर दाबून धरावयाचें. बहिणीच्या कंट्रोलरासहि तशीच सोय जोडली. शर्यतीपूर्वीं दोघांनीं ठरवावयाचें, वर कीं खालीं. जें ठरेल तें दोघांना. प्रदर्शनाच्या दिवशीं दोघांनीं 'खालीं' ठरविलें. पांच शर्यती झाल्या. तीन बहिणीनें जिंकल्या, दोन त्यानें. शेवटची हरल्यावर तो चांगलाच चिडला, आणि खांदा चोळीत सहावी मागूं लागला. आम्हांस फार समाधान वाटलें. गुण मोजणारा कधीं चिडत नसे.

ह्या फळीनें त्याचा हात बरा झाला, असा समज कोणीं करून घेऊं नये. तसें कांहीं झालें नाहीं व होणार नव्हतें. ती फळी दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचीहि नाहीं. आम्हीं स्वतः तिच्यावर खेळून पाहिलें, आणि पहिल्याच वळणावर मोटार नदींत घातली. मुलगा वाढत्या वयाचा आहे. वर्षभरांत कोपराची जागा बदलेल. म्हणून मामानें खिळे न मारतां सर्वत्र स्क्रू लावले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरांत, गल्लींत, वर्गांत खेळ चालू असतां कोणी तरी नेहमींच बाजूला बसून गुण मोजीत असेल. त्याला तेंच आवडतें असें आपण गृहीत धरतों, कारण तें आपल्या सोयीचें असतें. एकदां त्याला विचारून पाहा. तो काय म्हणेल तें ऐका, आणि मग एक फळी, चार बटणें व थोडे स्क्रू घेऊन कामास लागा.