सावलीतला पेवा

अंगणात ऊन येत नाही, मग बाग कशी करावी, अशी तक्रार वाचकहो, आपणही कधी केली असेल. डेहराडूनला बदली होऊन आल्यावर मीही ती अनेक वर्षे करीत असे. आमच्या घरामागे लिचीची दोन जुनी झाडे आहेत. त्यांच्या दाट छायेत मी शेवंती लावून पाहिली, झेंडू लावून पाहिला. पण रोपे उजेडाच्या ओढीने लांबट वाढत आणि फुलण्यापूर्वीच माना टाकीत.

2014 च्या जूनमध्ये सासूबाई रत्नागिरीचे घर बंद करून कायमच्या आमच्याकडे आल्या. मामंजी गेल्यानंतर त्यांना तेथे एकटे ठेवणे आम्हांला प्रशस्त वाटेना. त्यांच्या सामानात ओल्या गोणपाटात गुंडाळलेले पेव्याचे कंद होते. पेवा हा आल्याहळदीचा दूरचा आप्त. कोकणात पावसाळा लागला की झाडांच्या सावलीत तो आपोआप वर येतो. लिचीखालची माती मोकळी करून, तीत कुजलेला पालापाचोळा मिसळून सासूबाईंनी डोळे असलेले तुकडे चार-चार बोटे खोल पुरले. श्रावणात रोपे खांद्याला लागली. दांड्याभोवती गोल जिन्यासारखी चढत जाणारी पाने मोठी शोभिवंत दिसत. फूल मात्र आले नाही. नोव्हेंबरात पाने पिवळी पडली आणि दांडे वाळून कोसळले.

हिवाळ्यात सासूबाई नणंदेकडे पुण्याला गेल्या. फेब्रुवारीत मी ती जागा खणली, निर्जीव दिसणारे कंद खताच्या खड्ड्यात टाकले आणि तेथे कोथिंबीर पेरली. तीही धड उगवली नाही.

एप्रिलमध्ये सासूबाई परतल्या. रोज संध्याकाळी त्या ओसाड जागेपाशी खुर्ची टाकून बसत. "निजलाय तो. पाऊस पडला की उठेल," असे मला सांगत. मी मुकाट्याने ऐके. दूर राहिलेल्या घराची तेवढीच एक खूण त्यांनी बरोबर आणली होती, आणि ती मी स्वतःच्या हातांनी फेकली होती. हे सांगण्याचे धैर्य मला दोन महिने झाले नाही.

जूनअखेर पहिला पाऊस झाला आणि खताच्या खड्ड्याच्या कडेला जाड, टोकदार कोंब वर आले. माळीबाबा पाहून म्हणाले, "हा तर आमच्या सालाच्या जंगलातला केऊ!" आता लपविण्यासारखे काही उरले नव्हते. मी सासूबाईंना सारे सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग हसून म्हणाल्या, "अगं, म्हणजे एवढ्या दुरून मी तुमचंच तुम्हांला आणून दिलं म्हणायचं!"

ते खरेच होते. सह्याद्रीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ही वनस्पती रानोरान आढळते. संस्कृतात तिला केमुक म्हणतात. तिच्या कंदात डायोसजेनिन नावाचे द्रव्य असून त्यापासून स्टेरॉइड वर्गातील औषधे तयार करता येतात. अर्थात, घरी कोणी त्याचे प्रयोग करू नयेत.

कोंब पुन्हा लिचीखाली लावले. 2016 च्या ऑगस्टमध्ये, डोक्याइतक्या उंच दांड्यांच्या शेंड्यांवर लाल कणसे धरली आणि त्यांतून रोज एक-दोन पांढरी, चुणीदार फुले उमलू लागली. सासूबाईंनी शेजारच्या बाईंना मुद्दाम बोलावून आणले आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, "हा आमचा केऊ!"

आपल्याकडेही अशी सावलीची जागा असेल, तर उन्हाळ्याच्या अखेरीस तेथे पेवा अवश्य लावा. पाणी साचू देऊ नका. आणि हिवाळ्यात जागा मोकळी दिसली, तरी कुदळ उचलू नका. आम्ही आता दरवर्षी तिच्याभोवती चार विटा मांडून ठेवतो.