आजीची तबकडी

आमच्या दिवंगत आजोबांचीं भजनें आम्हीं मोबाइलवर मुद्रित करून ठेविलीं होतीं. तीं आजीच्या जुन्या सीडी प्लेअरवर वाजावींत म्हणून आम्हीं फाइली जशाच्या तशा तबकडीवर उतरविल्या. परंतु यंत्र मुकेंच राहिलें! चौकशीअंतीं समजलें कीं, १९८२ सालीं बाजारांत आलेल्या या पद्धतीच्या यंत्रास दर सेकंदास ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुना १६ बिटांचा, एवढीच भाषा कळते. आमच्या फाइली ४८,००० नमुन्यांच्या, शिवाय आकार घटविलेल्या. मग आम्हीं त्यांचें रूपांतर केलें, ८० मिनिटांत मावतील तेवढींच भजनें निवडलीं, ‘ऑडिओ सीडी’ मुद्रित केली व शेवटीं ती ‘फायनलाइज’ही केली. आजोबांचा स्वर उमटतांच आजी हातानें ताल धरूं लागली. ज्यास सांगावयाचें त्याच्याच भाषेंत सांगावें, हा धडा आम्ही त्या दिवशीं शिकलों.